वाचकांचे प्रश्न : गाउलायटर कसा घडत असे?

गेल्या अंकात दोन महायुद्धांमधल्या जर्मनीवर एक टिपण होतं. त्यात नाझी पक्षाच्या प्रांतप्रमुखांचा, म्हणजे गाउलायटरांचा उल्लेख आला आणि मध्य जर्मनीतल्या थुरिंगियाच्या फ्रिट्झ साउकेलचं नाव ओझरतं आलं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं साउकेलच्या कारकिर्दीचा धागा धरून दिली आहेत. गोबेल्स किंवा श्ट्राइशर या गाजलेल्या गाउलायटरांवर भरपूर लिहिलं जातं. पण प्रांतातली नाझी यंत्रणा रोज कशी चालत होती, हे साउकेलसारख्या माणसाकडे पाहिलं की जास्त नीट कळतं.

प्रश्न : गाउलायटर म्हणजे आपल्याकडच्या पक्षाचा जिल्हाध्यक्ष की पालकमंत्री? दोन्ही वर्णनं वाचायला मिळतात. (सातारा)

सुरुवातीला तो फक्त पक्षाचा माणूस होता. ‘गाउ’ हा प्रदेशासाठीचा जुना जर्मन शब्द. 1925च्या फेब्रुवारीत पक्ष पुन्हा उभा राहिला, तेव्हा गाउंच्या सीमा कुणी आखून दिलेल्या नव्हत्या. ज्याने जिथे शाखा जमवल्या, तो तिथला प्रमुख, आणि हिटलरने मान्यता दिली की तो गाउलायटर. 1928मध्ये संघटनेचं काम पाहणाऱ्या ग्रेगोर श्ट्रासरने बहुतेक गाउ राईशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, मतदारसंघांना जुळवून घेतले. पक्षाला आता रस्त्यावरच्या उठावापेक्षा मतं हवी होती, म्हणून हा बदल झाला. गाउच्या खाली क्राइस म्हणजे तालुका-जिल्ह्यासारखा टप्पा, त्याखाली गाव किंवा वस्तीची शाखा, त्याखाली सेल आणि सर्वांत खाली ब्लॉक अशी उतरंड हळूहळू पक्की झाली. 1937मध्ये जर्मनीत 32 गाउ होते. ऑस्ट्रिया, सुडेटनलँड आणि पोलंडचे भाग गिळल्यावर हा आकडा 42वर गेला.

जिल्हाध्यक्षाशी तुलना एका ठिकाणी साफ तुटते. गाउलायटर खालून निवडून येत नसे. हिटलर त्याला नेमे आणि हिटलरच त्याला काढू शके. मधल्या कुणालाही न विचारता हिटलरपर्यंत थेट जायची मुभा हे त्याचं खरं बळ होतं. पालकमंत्र्याची तुलना 1933 नंतर थोडी लागू पडते, कारण तेव्हापासून बऱ्याच गाउलायटरांकडे सरकारी पदंही आली. तरी पालकमंत्र्याला विधानसभेत प्रश्न विचारता येतो आणि त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं. तिथे हे दोन्ही रस्ते बंद झाले होते.

प्रश्न : साउकेल मुळात कोण? शिक्षण, घराणं काही होतं का? (कोल्हापूर)

पोस्टमनचा मुलगा. जन्म 27 ऑक्टोबर 1894, फ्रँकोनियातल्या हासफुर्ट गावी. पंधराव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून गेला. 1914मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तो ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या जर्मन जहाजावर होता. फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि साउकेल 1919पर्यंत फ्रान्समध्ये नजरकैदेत राहिला. म्हणजे आघाडीवरचा सैनिक ही ओळख त्याच्याकडे नव्हती, आणि पक्षात त्या ओळखीला फार मान होता. परतल्यावर श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यात कामगार, मग थुरिंगियातल्या इल्मेनाऊच्या तंत्रशाळेत विद्यार्थी. 1923मध्ये त्याने नाझी पक्षात प्रवेश घेतला. पुढे दहा मुलं झाली आणि पक्षाच्या प्रचारात हे कुटुंब आदर्श म्हणून दाखवलं गेलं.

थुरिंगियाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. हे राज्य 1 मे 1920ला सात छोटी संस्थानं एकत्र करून बनलं होतं. सांगली, मिरज, जमखंडीच्या विलीनीकरणाची आठवण असलेल्या वाचकांना कल्पना येईल की अशा प्रदेशात जुनी कचेरी-नोकरशाही, छोट्या राजधान्यांचा मान आणि नव्या राजधानीवरचा राग हे सगळं एकत्र नांदत असतं. राजधानी वायमार. 1919मध्ये जर्मन प्रजासत्ताकाची घटना तिथल्याच नाट्यगृहात संमत झाली होती.

साउकेल 1925मध्ये गाउचा व्यवस्थापक झाला. प्रमुख होता कादंबरीकार आर्टुर दिंटर, कट्टर ज्यूद्वेष्टा. दिंटरला पक्षातून नवा ‘शुद्ध जर्मन’ धर्म काढायचा होता. ख्रिस्ती मतदार दुखावतील म्हणून हिटलरला हे नको होतं. 30 सप्टेंबर 1927ला दिंटरचं पद गेलं, पुढच्या वर्षी त्याची पक्षातूनही हकालपट्टी झाली. त्याची जागा साउकेलला मिळाली. साउकेलचं भाषण काही खास नव्हतं, स्वतंत्र मत तर नव्हतंच. हिशेब, पत्रव्यवहार आणि शाखांचे दौरे ही त्याची जमेची बाजू. वरच्या माणसाशी वाद न घालणारा कामसू व्यवस्थापक पक्षाला त्या क्षणी हवा होता.

प्रश्न : पक्षाचा खर्च उद्योगपतींनी भागवला असंच शाळेपासून ऐकलं आहे. प्रांतात पैसा खरंच कुठून येई? (पुणे)

1930च्या आधी प्रांतात तरी मुख्यतः वर्गणी, सभेचं तिकीट, छोट्या व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि पक्षाचं साप्ताहिक यांतून. बड्या उद्योगपतींच्या पैशाचं चित्र तेव्हाच्या थुरिंगियाला बसत नाही.

वर्गणीची वाट अशी होती. अर्जदार शाखेत अर्ज भरी, अर्ज गाउ कचेरीमार्गे म्युनिकला, पक्षाच्या मुख्यालयात जाई. तिथे खजिनदार फ्रान्झ झावेर श्वार्त्झ मध्यवर्ती नोंदवहीत नाव घालून क्रमांक देई. सदस्यपत्र हातात पडलं की सदस्यत्व सुरू. महिन्याची वर्गणी शाखा गोळा करी, त्यातला ठरलेला वाटा गाउला आणि म्युनिकला जाई.

बिघाड नेहमी याच वाटेवर होई. शाखा पैसे मागे ठेवी, म्हणून सदस्यसंख्या मुद्दाम कमी कळवली जाई. लोक चार-सहा महिन्यांत वर्गणी थकवून निघून जात, पण कागदावर सदस्य राहत, आणि म्युनिक त्यांच्या नावाचा वाटा गाउकडे मागे. गाउलायटर कर्जात बुडण्याचं हे एक नेहमीचं कारण. श्वार्त्झ चिकट हिशेबी होता. 1931मध्ये हिटलरने पक्षाच्या सगळ्या आर्थिक बाबींचे पूर्ण अधिकार त्याला दिले आणि त्याचे तपासनीस गाउंच्या वह्या उघडू लागले. राजकीय बाबतीत कुणालाही न जुमानणारे गाउलायटर या एका माणसाला मात्र वचकून असत.

सभांचं गणित वेगळं समजून घ्यायला हवं. बहुतेक पक्ष सभेला फुकट बोलवत, नाझी पक्ष तिकीट लावी. हॉलचं भाडं, पोस्टर, वक्त्याचं मानधन आणि प्रवास हा शाखेचा खर्च. हॉल भरला तर उरलेल्या पैशातून पुढची सभा, रिकामा राहिला तर तोटा शाखेच्या माथी. म्हणून वक्ता पडेल निघणं परवडत नसे. अप्पर बव्हेरियाचा गाउलायटर फ्रिट्झ राइनहार्ट याने यावर उपाय म्हणून टपालाने वक्ते घडवणारा वर्ग चालवला. विद्यार्थ्याने नमुन्याचं भाषण पाठ करायचं, श्रोत्यांच्या संभाव्य प्रश्नांची तयार उत्तरं घोटायची आणि मग छोट्या गावातल्या सभांपासून सुरुवात करायची. 1933पर्यंत असे सुमारे 6,000 वक्ते तयार झाले. ज्या खेड्यात इतर पक्षांचा माणूस निवडणुकीपुरता येई, तिथे यांचा वक्ता ऐन मंदीत वर्षभर येत राहिला. शेतकऱ्याला दुधाचे पडलेले भाव आणि कर्जाची जप्ती यांवर बोलणारा तेवढाच दिसला. 1930नंतरच्या मतांचं मूळ आम्हाला इथे जास्त दिसतं.

एक लहानशी, पण महत्त्वाची बाब : राईशस्टागवर निवडून आलेल्या नेत्याला भत्ता, रेल्वेचा मोफत पास आणि खटल्यांपासून संरक्षण मिळे. 1928मध्ये पक्षाचे फक्त 12 खासदार होते. पण तेवढ्या जणांचा प्रवासखर्च प्रजासत्ताकाच्या तिजोरीतून निघू लागला, आणि तो प्रवास तेच प्रजासत्ताक मोडण्यासाठी होता.

प्रश्न : हिटलर चॅन्सेलर झाला 30 जानेवारी 1933ला. मग साउकेल 1932मध्येच सत्तेत कसा? (नागपूर)

राज्यांच्या निवडणुकांमुळे. थुरिंगिया या बाबतीत कायम पुढे होतं. बव्हेरिया आणि प्रशिया या राज्यांत हिटलरला जाहीर भाषणाची बंदी होती, तेव्हा थुरिंगियाने ती घातली नाही. म्हणून जुलै 1926चं पक्षाचं अधिवेशन वायमारला भरलं, तेही घटना जिथे संमत झाली त्याच नाट्यगृहात. तिथल्या उजव्या अल्पमतातल्या सरकारला विधिमंडळात कडव्या उजव्यांची मतं लागत होती आणि त्याची किंमत ही अशी चुकवली गेली.

8 डिसेंबर 1929च्या निवडणुकीत नाझींना 11.3 टक्के मतं आणि 53 पैकी 6 जागा मिळाल्या. सहा आमदारांवर बहुमत अडलेलं होतं. हिटलरने अर्थखातं मागितलं नाही, गृह आणि शिक्षण ही दोन खाती मागितली : एकात पोलीस, दुसऱ्यात शाळा-विद्यापीठं. जानेवारी 1930मध्ये पक्षाचा विल्हेल्म फ्रिक ही दोन्ही खाती घेऊन मंत्री झाला. वंशवादी लेखक हान्स ग्युन्टर याला येना विद्यापीठाचा विरोध डावलून तिथे प्राध्यापक नेमलं गेलं. हिटलरला नागरिकत्व मिळावं म्हणून हिल्डबुर्गहाउझेन गावच्या पोलिसांत त्याला अधिकारी दाखवायचा प्रयत्नही याच काळातला. तो फसला. नागरिकत्व शेवटी फेब्रुवारी 1932मध्ये ब्राउनश्वाइग राज्यातल्या सरकारी नेमणुकीतून मिळालं. एप्रिल 1931मध्ये अविश्वास ठराव होऊन फ्रिक गेला.

या सगळ्यात साउकेल विधिमंडळातल्या पक्षगटाचा नेता होता. 31 जुलै 1932ला राज्यात 42.5 टक्के मतं आणि 61 पैकी 26 जागा आल्या. शेतकऱ्यांच्या लांडबुंड या पक्षाचे मतदार घाऊक तिकडे सरकले होते आणि उरलेल्या लांडबुंडने पाठिंबाही दिला. ऑगस्टअखेर साउकेल मंत्रिमंडळाचा प्रमुख आणि गृहमंत्री झाला. ओल्डेनबुर्गमध्ये गाउलायटर कार्ल र‍्योव्हर त्याच उन्हाळ्यात मुख्यमंत्री झाला. आनहाल्ट आणि मेक्लेनबुर्गमध्येही नाझी मुख्यमंत्री बसले. 1933च्या जानेवारीत बर्लिनमध्ये सत्ता आली, तेव्हा या राज्यांत पोलिसांच्या बदल्या आधीच उरकल्या होत्या.

पण हा प्रवास सरळ चढणीचा नव्हता. सत्तेत बसून तीन महिने झाले आणि 4 डिसेंबर 1932च्या थुरिंगियातल्या स्थानिक निवडणुकांत पक्षाची मतं जुलैच्या मानाने मोठ्या प्रमाणात घसरली. तिजोऱ्या रिकाम्या, कार्यकर्ते थकलेले. चारच दिवसांनी श्ट्रासरने पक्षातल्या सगळ्या पदांचा राजीनामा दिला. या उतारावरच्या पक्षाला आठ आठवड्यांनी बर्लिनच्या जुन्या पुढाऱ्यांनी हाताला धरून सत्तेत आणून बसवलं. प्रांतातले आकडे पाहिल्याशिवाय त्या निर्णयाचा अक्षम्यपणा पुरता ध्यानात येत नाही.

प्रश्न : 1933नंतर त्याच्या हातात नेमके कोणते अधिकार आले? (ठाणे)

7 एप्रिल 1933च्या कायद्याने राज्यांवर राईशस्टाटहाल्टर, म्हणजे केंद्राचा राज्यपाल, नेमायचं ठरलं. 5 मे रोजी साउकेल थुरिंगियाचा राज्यपाल झाला आणि विली मार्शलर मुख्यमंत्री. प्रशियाच्या प्रांतांत बऱ्याच गाउलायटरांना ओबरप्रेझिडेंट, म्हणजे प्रांताच्या प्रशासनाचं प्रमुखपद मिळालं.

त्याआधीच तुरुंगछावणी सुरू झाली होती. राईशस्टागच्या आगीनंतर 28 फेब्रुवारीला मूलभूत हक्क गोठवणारा वटहुकूम निघाला आणि 3 मार्चला वायमारजवळच्या नोऱ्हा इथे कम्युनिस्टांना डांबणारी छावणी उघडली. जर्मनीतल्या अगदी पहिल्या छावण्यांपैकी ही एक. त्या वेळी थुरिंगियाचा गृहमंत्री साउकेल होता, हे विसरू नये.

कागदावरचा अधिकार मात्र पुढे आक्रसला. 30 जानेवारी 1934च्या कायद्याने राज्यांची विधिमंडळं गेली आणि राज्यपाल केंद्रीय गृहमंत्र्याच्या, म्हणजे फ्रिकच्या हाताखाली आले. गाउलायटरांनी कुरकुर केली. हिटलरने त्याच वर्षी तोडगा काढला : राज्यपाल गृहमंत्र्याच्या हाताखालीच राहील, पण विषय राजकीय महत्त्वाचा असेल तर वाद माझ्याकडे आणा. महत्त्वाचा विषय कोणता, हे अर्थातच हिटलर ठरवणार. 1936मध्ये साउकेलने लांबलचक निवेदन पाठवून राज्यपालपद पोकळ होत चालल्याची तक्रार केली, तिचा उपयोग झाला नाही.

शिवाय नकाशाचा गुंता होता. एरफुर्ट आणि सुल ही शहरं साउकेलच्या गाउमध्ये होती, पण थुरिंगिया राज्यात नव्हती. ती प्रशियाची होती. म्हणजे तिथे तो पक्षाचा प्रमुख, पण सरकारी अधिकारी नाही. ही विसंगती मिटायला 1944 उजाडलं.

खरा दाब नेमणुकांतून येई. 30 जानेवारी 1935च्या नगरपालिका कायद्याने महापौर आणि नगरसेवक निवडण्यात पक्षाच्या प्रतिनिधीला स्थान दिलं, आणि ते काम सहसा गाउलायटरच्या हाताखालचा क्राइसलायटर करी. सरकारी नोकराच्या बढतीला पक्षाचा ‘राजकीय अभिप्राय’ लागे. शिक्षक, तहसील कचेरीतला कारकून, सरकारी डॉक्टर, सगळ्यांचे अभिप्राय पक्ष-कचेरीत तयार होत. मुलगा कुठल्या संघटनेत आहे, घरी कुठलं वर्तमानपत्र येतं, देणगीच्या डब्यात पैसे टाकतो का, ज्यू दुकानातून खरेदी करतो का, एवढ्यावर माणसाची भाकरी ठरे. ब्लॉकचा कार्यकर्ता ही माहिती पुरवी. कायद्याच्या पुस्तकात शोधून हा अधिकार सापडणार नाही, तो या चिठ्ठ्यांत होता.

प्रश्न : सुलच्या बंदूक कारखान्याचं प्रकरण काय? (नाशिक)

सिमसन हे सुलमधलं ज्यू कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रं, पुढे सायकली आणि मोटारी बनवणारं. व्हर्सायच्या तहानंतर जर्मन सैन्यासाठी मशीनगन बनवण्याची परवानगी याच एका कारखान्याला होती. साउकेलचा डोळा त्यावर आधीपासून होता. पायऱ्या अशा : आधी पक्षाच्या पत्रांतून ओरड, मग सरकारकडून जादा नफा उकळल्याचा आरोप आणि खटला, मग कारखान्यावर बाहेरचा विश्वस्त, मग 1935मध्ये अटक, आणि अटकेत असताना मालकी सोडल्याच्या कागदावर सही. 1936मध्ये कुटुंबाने देश सोडला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधला नाझी पुढारी विल्हेल्म गुस्टलोफ दाव्होस इथे मारला गेला होता. त्याच्या नावाने साउकेलने प्रतिष्ठान काढलं, कारखाना त्यात घातला आणि स्वतः त्याचा प्रमुख झाला. पुढे वायमारचा रेल्वे-डब्यांचा कारखाना, 1938 नंतर ऑस्ट्रियातला हिर्टेनबेर्गचा काडतूस कारखाना, असं साम्राज्य वाढत गेलं. ‘ही खाजगी मालमत्ता नव्हे, जनतेची’ असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात हिशेब मागणारं कुणी नव्हतं आणि लुटलेल्या कुटुंबाला छदाम मिळाला नाही. आम्ही याला सरळ चोरी म्हणतो.

प्रश्न : असा माणूस पदावरून जात नसे का? भ्रष्टाचारासाठी तरी? (औरंगाबाद)

जात, पण भ्रष्टाचारासाठी क्वचित. 1934मध्ये पक्षाच्या गणवेशधारी दलाचा प्रमुख असलेल्या र‍्योमच्या हत्येनंतर पोमेरेनियाचा कार्पेनश्टाइन आणि वर्षअखेर सायलेशियाचा ब्र्युकनर गेला. 1936मध्ये कुर्मार्कचा विल्हेल्म कुबे गेला, कारण पक्षाच्या सर्वोच्च न्यायासनाचा प्रमुख वाल्टर बुख याच्या पत्नीचं कूळ ज्यू असल्याचा आरोप त्याने निनावी पत्रातून केला आणि पत्र कुणाचं हे उघड झालं. न्युरेम्बर्गच्या श्ट्राइशरने नोव्हेंबर 1938 नंतर ज्यूंची घरं किमतीच्या दहा टक्क्यांत लिहून घ्यायला लावली. चौकशी झाली ती माणसं लुटली म्हणून नव्हे, लूट बर्लिनच्या तिजोरीत न येता गाउमध्ये जिरली म्हणून. त्यातही हिटलरचा बडा मंत्री गोरिंग याच्याबद्दलची त्याची शेरेबाजी त्याला भोवली. फेब्रुवारी 1940मध्ये त्याला कारभारातून दूर केलं, गाउलायटर ही पदवी मात्र राहू दिली.

प्रश्न : साउकेलचा शेवट? (सोलापूर)

21 मार्च 1942ला त्याला परदेशी मजूर आणण्याचा सर्वाधिकारी नेमलं. युरोपभरातून पन्नास लाखांहून अधिक माणसं जर्मनीत आणली गेली. मार्च 1944मधल्या एका सरकारी बैठकीत तो स्वतः म्हणाला की त्यांतले दोन लाखही स्वखुशीने आले नाहीत. ते इतिवृत्त न्युरेम्बर्गच्या खटल्यात समोर ठेवलं गेलं. 16 ऑक्टोबर 1946ला त्याला फाशी झाली.

प्रश्न : अशा स्थानिक पुढाऱ्यांच्या कारकिर्दीचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? मी जर्मन शिकते आहे. (मुंबई)

आधी पक्षाची सदस्य-कार्डं. 1945मध्ये म्युनिकजवळच्या कागद गिरणीत लगद्यासाठी पाठवलेली ही कार्डं नष्ट होण्यापासून वाचली. अमेरिकनांनी बर्लिनला ठेवली आणि 1994मध्ये जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराकडे दिली. कार्डं दोन संचांत आहेत, एक मध्यवर्ती आणि एक गाउनिहाय, म्हणून दोन्हीत शोधावं. एकात हरवलेलं दुसऱ्यात सापडतं.

तिथे तीन चुका हमखास होतात. पहिली, क्रमांकावरून ज्येष्ठता काढणं. 1925पूर्वीचे क्रमांक 501पासून सुरू झाले होते, आणि 1925मध्ये सगळे क्रमांक नव्याने 1पासून दिले गेले. दुसरी, 1 मे 1933 ही प्रवेशतारीख खरी मानणं. सत्ता आल्यावर इतकी झुंबड उडाली की प्रवेश थांबवावा लागला आणि ढीगभर अर्जांवर ही एकच तारीख पडली. तिसरी, कार्डात पद शोधणं. कार्ड सदस्यत्व सांगतं, पद सांगेलच असं नाही.

पदासाठी राईशस्टागची सदस्य-पुस्तकं पाहावी, ती बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत. मात्र त्यातला परिचय बहुधा त्या सदस्यानेच कळवलेला असे, त्यामुळे युद्धसेवा आणि नोकरीच्या नोंदी दुसरीकडे ताडून घ्याव्यात. थुरिंगियाच्या मंत्रालयांचे कागद वायमारच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

आणि बाड आरोल्सेन इथल्या संग्रहापर्यंत जरूर जावं. छावण्यांतले कैदी आणि वेठीला आणलेले मजूर यांच्या नोंदी तिथे आहेत आणि मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नये. पोलिश आणि युक्रेनियन नावं जर्मन कारकुनांनी कानाला आली तशी लिहिली आहेत. त्यामुळे नाव, जन्मतारीख आणि गाव असं तिन्ही अंगांनी शोधावं, आणि गावाचं जर्मन नाव वेगळं असेल तर त्यानेही. एकच मुलगी तीन कार्डांवर तीन नावांनी सापडते.